टाकीवरच्या फांदीला बेडकाच्या अंड्यांचा फेस लटकलाय. आई परत येईल का?

नाही येणार. तिचं काम झालंय.

घर सावंतवाडीकडे आहे म्हणता, तर हा फेस झाडावर राहणाऱ्या एखाद्या बेडकाचा असणार. मादी अंगातून चिकट द्रव सोडते आणि ताक घुसळावं तसा मागच्या पायांनी तो घुसळून फेस काढते. अंडी त्यातच. वरचा थर सुकून पापडी धरतो, आत ओल टिकते. लहानपणी आमच्या विहिरीवरचा असा एक गोळा मी काठीनं पाडला होता, साबणाचा फेस समजून. त्याची अजून लाज वाटते.

याला सांभाळणं म्हणायचं का? माझ्या मते हो. घर बांधून दिलं, राहायला थांबली नाही, एवढंच. अंगणात येणारा खरबरीत पाठीचा भेक तर तेवढंही करत नाही. त्याची मादी डबक्यात हजारो अंड्यांच्या लांब माळा सोडते आणि चालू लागते.

पण तुम्ही ‘आई’ विचारलंत. जे बेडूक खरंच थांबतात, त्यांच्यात कितीतरी वेळा थांबणारा बाप असतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, कथलेकानच्या दलदलीच्या जंगलात सापडणाऱ्या एका बेडकाला २०१४ साली ‘कुंबारा’ हे नाव मिळालं. कन्नडमधला कुंबार म्हणजे आपला कुंभारच. पाण्यावर झुकलेल्या काटकीवर अंडी घातली की मादी निघून जाते. मग नर पुढच्या पायांनी चिखल उचलतो आणि अंड्यांवर लिंपत बसतो. अंडी सुकू नयेत आणि खाणाऱ्यांना दिसू नयेत म्हणून हा खटाटोप असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडच्या कळक्काड-मुंडनतुरै जंगलात एक चिमुकला हिरवा बेडूक बांबूच्या पेरात राहतो. आत शिरायला जेमतेम एक फट. अंडी आतच घातली जातात, त्यांतून शेपटीवाली पिल्लं न निघता थेट इवले बेडूकच बाहेर येतात, आणि तोवर नर राखण करतो. अभ्यासकांनी राखणदार नर बाजूला केले, तेव्हा अंडी मोठ्या प्रमाणात फस्त झाली. खाणारे कोण, तर बहुतेकदा त्याच जातीचे दुसरे नर!

बापच का? बेडकांत अंडी शरीराबाहेर फलित होतात आणि जागा नरानं आधीच धरलेली असते. तिथं बसून तो साद घालतच असतो. अंड्यांपाशी थांबला तर त्याचं फारसं काही जात नाही, उलट दुसरी मादीही येऊ शकते. त्यामुळे ‘त्यागी बाप’ वगैरे म्हणायला मी धजणार नाही.

आईचं उदाहरण हवंच असेल तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या एका बेडकाची मादी अंडी गिळून पोटात वाढवायची. तेवढे दिवस पोटातलं आम्ल बंद, खाणं बंद, आणि शेवटी तयार पिल्लं तोंडावाटे बाहेर. १९८०च्या दशकानंतर ती जात कुणाला दिसलेली नाही.

तुमच्या टाकीचं म्हणाल तर झाकण थोडं उघडं ठेवा आणि काही दिवस पाणी उपसू नका. साधारण आठवडाभरात फेस खालून विरघळेल आणि पिल्लं टपाटप खाली पडतील.