बापिओचा इतिहास लिहिण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. १९९६ साली ब्रिटिश असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियन ओरिजिन, म्हणजे बापिओची स्थापना. मग अधिवेशनं, अध्यक्षांची यादी, मान्यवरांच्या भेटी, शेवटी पुरस्कार. ही स्मरणिका झाली. ब्रिटनमध्ये भारतीय डॉक्टर एकत्र आले ते कुठलातरी नियम अंगावर आला म्हणून. तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर नियम हवा: कोणता, कधी लागू झाला, नेमका कोणाला अडला.

सुरुवात वीसेक वर्षं मागून घे. १९७५ साली डॉक्टरी पेशाच्या नियमनावरच्या मेरिसन समितीचा अहवाल आला आणि त्यात परदेशी पदवीधरांच्या दर्जावर बोट ठेवलं गेलं. त्याच वर्षी जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने, भारतीय पदव्यांची थेट मान्यता काढली, तात्पुरत्या नोंदणीसाठी परीक्षा आणली (परदेशी डॉक्टरांसाठीची प्लॅब परीक्षा तिच्यातूनच आली), आणि त्याच वर्षी ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशन ही परदेशी डॉक्टरांची संघटना उभी राहिली. तोवर मुंबईच्या एमबीबीएसवर नोंदणी होत होती. ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशन वगळून बापिओ लिहिशील तर वाचकाला वाटेल, आधीची पिढी गप्पच बसली होती.

इथे एक सापळा आहे. ब्रिटनचा आरोग्यमंत्री असताना (१९६०-६३) इनॉक पॉवेलने भारतीय डॉक्टरांना बोलावणं धाडलं, हे वाक्य जिथेतिथे सापडेल. मंत्रिपदाच्या तारखा पक्क्या आहेत; खास मोहिमेचा दावा मात्र इतिहासकारांत वादाचा आहे. मूळ कागद हाती नसेल तर ते वाक्य गाळ.

सगळ्यात जास्त वेळ २००६ ते २००८ ला दे, कारण चुका तिथेच होतात. ७ मार्च २००६ ला जाहीर झालं आणि ३ एप्रिलपासून लागू झालं ते हे: परदेशी डॉक्टरांना वर्क परमिटशिवाय प्रशिक्षणाची जागा घेण्याची सवलत बंद. ही एक गोष्ट. दुसरी अशी की एप्रिलमध्येच आरोग्य खात्याची सूचना निघाली. एचएसएमपी, म्हणजे उच्च कौशल्याच्या व्हिसावर आलेल्या डॉक्टरचा व्हिसा जागेची मुदत संपण्याआधी संपत असेल, तर स्थानिक आणि युरोपीय उमेदवार नसल्यासच त्याचा विचार करायचा. या लोकांना तर मोकळेपणी नोकरी शोधता येईल असं सांगूनच व्हिसा दिला होता. बापिओ दोन्ही गोष्टींविरुद्ध कोर्टात गेली. फेब्रुवारी २००७ मध्ये हायकोर्टात हरली. नोव्हेंबरमध्ये अपील कोर्टाने सूचना बेकायदा ठरवली, पण सवलत बंद करणारा नियम टिकला. ३० एप्रिल २००८ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) सरकारचं अपील चार विरुद्ध एक मतांनी फेटाळलं.

म्हणजे जिंकली ती सूचनेपुरती. ‘बापिओने व्हिसाचा नियम हाणून पाडला’ असं लिहिलंस तर निकाल वाचलेला कोणीही पुढचं पान उलटणार नाही. न्यायमूर्तींची कारणंही एक नाहीत. कोणी सरकारने दिलेल्या भरवशावर भर दिला, तर कोणी संसदेपुढे न ठेवलेल्या सूचनेने व्हिसाच्या अटी बदलण्यावर. प्रत्येकाचं मत वेगळं वाच आणि परिच्छेद क्रमांक टिपून ठेव. त्याच महिन्यात, ८ एप्रिल २००८ ला, एचएसएमपी फोरम या व्हिसाधारकांच्या संघटनेचा वेगळा निकाल हायकोर्टात लागला होता; दोन्हींची सरमिसळ करू नकोस. बापिओच्या दाव्यातलं नावही बघ: तिथे ‘बापिओ अॅक्शन लिमिटेड’ ही कंपनी आहे. धर्मादाय संस्था आणि खटला लढणारी संस्था वेगळी का ठेवतात, हे दोन ओळींत सांग: खर्च अंगावर आला तर मूळ संस्था बुडू नये.

२०१४ चा पराभवही तेवढ्याच नेटाने लिही. जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होण्यासाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परदेशी पदवीधर आणि गौरेतर उमेदवार फार मोठ्या प्रमाणात नापास होतात, म्हणून बापिओने रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सविरुद्ध दावा केला. एप्रिलमध्ये तो फेटाळला गेला, पण कॉलेजने आता काहीतरी करायला हवं, असंही न्यायमूर्तींनी नोंदवलं. हरलेला खटला लपवणाऱ्या संघटनेचा जिंकलेला खटलाही कोणी खरा मानत नाही.

कागद कुठे मिळतील? ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर गेल्या पाच वर्षांचेच हिशेब दिसतात. जुने मागून घ्यावे लागतात. कंपनीचे कागद कंपनीज हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयात, फुकट पाहता येतात. डॉक्टरांसाठी जुन्या छापील मेडिकल डिरेक्टऱ्या काढ. त्यात पदवीचं विद्यापीठ, वर्ष आणि पुढची पदं असतात, त्यामुळे मुंबई-पुणे-नागपूरहून गेलेला माणूस कुठे कुठे फिरला ते कळतं. मराठी नावं शोधताना मात्र गडबड होते: मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं, आणि स्त्री डॉक्टरची नोंद कधीकधी माहेरच्या नावाने. वर्ष आणि कॉलेज जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या मानू नकोस.

मुलाखतीत ‘भेदभाव झाला का?’ हा प्रश्न विचारू नकोस. ऐंशी वयाचे सर्जन हसून ‘छे छे, चांगलेच वागले सगळे’ म्हणतील आणि विषय तिथेच मिटेल. त्याऐवजी विचार: कोणता विभाग हवा होता? अर्ज किती आणि कुठे केले? मुलाखतीला किती ठिकाणी बोलावलं? शेवटी कोणती जागा मिळाली? सर्जरी करायला गेलेला वृद्धांच्या वॉर्डात किंवा मनोरुग्णालयात कसा पोचला, हे त्या उत्तरांतून आपोआप बाहेर येतं. नकाराची पत्रं जपली असतील तर तिथल्या तिथे फोटो घे. अशा मुलाखतींचा नमुना हवा असेल तर वृद्धरोगशास्त्रातल्या दक्षिण आशियाई डॉक्टरांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्या आधी ऐक.

संमतीपत्र रेकॉर्डर सुरू करण्याआधी सही करून घे, नंतर नाही. जनरल मेडिकल कौन्सिलपुढच्या तक्रारींच्या फायली कोणी विश्वासाने हातात दिल्या, तर त्यांत रुग्णांची नावं असतात. ती झाकल्याशिवाय एकही पान स्कॅन करू नकोस.

१९७५ चं प्रकरण आधी पाठव. चारही घटना महिन्यांच्या क्रमाने लाव आणि प्रत्येक तारखेसमोर ती कोणत्या कागदावरून घेतली ते लिही.

तुझा हितचिंतक