८०० मीटरला पहिली फेरी (४०० मीटर) ६० सेकंदांत, दुसरी ६८ मध्ये. शेवटी पाय उचलत नाहीत. सरावात काय बदलू?

तुम्ही क्रीडाशिक्षक आहात आणि दिलेली माहिती अशी: अकरावीतला मुलगा, वय १७, वेळ २:०८, शाळेचं २०० मीटरचं मातीचं मैदान. रोज सकाळी ५ किमी आणि आठवड्यातून तीनदा जीव तोडून ४ × ४०० मीटर. जिल्हा स्पर्धेला आठ आठवडे आहेत.

शेवटचे दीडशे मीटर बिघडतात ते बहुतेक वेळा पहिल्या दोनशेमध्येच. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १:४०.९१ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या दोन फेऱ्या ४९.२८ आणि ५१.६३ होत्या. दुसरी फेरी त्याचीही मंदच, पण फरक अडीच सेकंदांच्या आतला. तुमच्या मुलाचा फरक ८ सेकंद आहे. हेच २:०८ त्याने ३०.५, ३२, ३२.५, ३३ असे दोनशे-दोनशेचे तुकडे पाडून पळून बघावं. शेवटी अंगात काहीतरी शिल्लक राहील. पहिल्या वळणावर बाकीची मुलं पुढे जातील आणि त्याला आपण मागे पडलो असं वाटेल. हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ठरवलेलं सगळं तिथेच विसरेल.

सराव बदलण्याआधी दोन वेळा घ्या, तीन-चार दिवसांच्या अंतराने: एकदा ४०० मीटर, एकदा १५०० मीटर. ४०० मीटर ५५ च्या आत आणि १५०० मात्र ४:३५ च्या वर आलं, तर वेग आहे, दम कमी आहे. ४०० लाच ५८ लागले, तर ६० ची पहिली फेरी म्हणजे तो जवळजवळ पूर्ण ताकदीने पळतोय, तेव्हा आधी वेग वाढवावा लागेल. तुम्ही दिलेल्या सरावावरून माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे.

कारण ८०० मीटरमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेतून येते. जीव तोडून मारलेल्या चारशेंनी ती फारशी वाढत नाही. तीन-चार आठवडे वेळ सुधारते, मग अडकते. मुलगा चिडचिडा होतो, नडगी दुखायला लागते आणि आपल्याला वाटतं की मेहनत कमी पडतेय. रोजचे ५ किमीही एकाच मध्यम वेगाने होत असतील तर ते सावकाशही नाहीत आणि जोरातही नाहीत.

मी आठवडा असा बसवेन. सोमवारी ४० मिनिटं, सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश. शेवटी ८० मीटरच्या ५ मोकळ्या धावा. मंगळवारी ५ ते ६ × ६०० मीटर, प्रत्येक १:५४ च्या आसपास, मध्ये ९० सेकंद हलकं जॉगिंग. शेवटचा सहाशे पहिल्यापेक्षा मंद झाला तर सुरुवात चुकली, पुढच्या वेळी १:५७ ने सुरू करा. बुधवारी ३० मिनिटं सावकाश आणि नंतर स्क्वॉट, लंजेस, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, प्लँक. शुक्रवारी पूर्ण सुट्टी. शनिवारी वेग: ६ × ६० मीटर जोरात, प्रत्येकानंतर ३ मिनिटं चालणं. ही विश्रांती मुलांना फालतू वाटते, पण ती कापली की तो वेगाचा सराव राहतच नाही. रविवारी ५० ते ६० मिनिटं, मातीच्या रस्त्यावर.

गुरुवार महत्त्वाचा, कारण त्या दिवशी शर्यतीचा वेग पायात बसवायचा असतो. पहिले दोन आठवडे ८ × २०० मीटर ३२ मध्ये, मध्ये ९० सेकंद. तो २९ मध्ये पळेल आणि तुम्हाला आनंद होईल. तेव्हाच थांबवा, ३२ म्हणजे ३२. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ५ × ३०० मीटर ४८ मध्ये, मध्ये ३ मिनिटं. पाचव्या-सहाव्यात ५०० मीटर ८० सेकंदांत, एक मिनिट चालणं, लगेच ३०० मीटर ४८ मध्ये. १२ मिनिटं थांबून हेच पुन्हा एकदा. त्या दुसऱ्या तीनशेत त्याचे खांदे वर चढतील, मूठ आवळली जाईल, तो ढांगा लांब टाकायला जाईल. तिथे उभे राहून एवढंच ओरडा: “हात चालव, पाऊल लहान.” सातव्या आठवड्यात एकदाच ६०० मीटर १:३५ मध्ये. आठव्यात सगळं निम्मं, आणि शेवटचा जोराचा सराव शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी.

मैदानाचं माप एकदा टेपने तपासा. आतली कड उंच नसेल, नुसती फक्कीची रेघ असेल, तर रेघेपासून २० सेंमी बाहेर मोजायचं असतं. रेघेवरच मोजलं तर माप सव्वा मीटरने कमी भरतं. २०० मीटरच्या मैदानावर वळणं आवळलेली असतात, त्यामुळे दोनशेला अर्धा सेकंद जास्त लागला तर चालेल. सावकाश धावा उलट्या दिशेने करून घ्या, म्हणजे कायम एकाच पायावर ताण येणार नाही. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच जागी दुखत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. तिथे बाम चोळत सराव चालू ठेवू नये.

व्यवस्थित झोपून, जेवूनही तो सावकाश धावेत दमत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट बघून डॉक्टरांनी दिल्या तरच. जेवणाबरोबरचा चहा आजच बंद करा, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

जिल्हा स्पर्धा सिंथेटिक ट्रॅकवर असेल तर स्पाइक्सचे खिळे ९ मिमीपेक्षा लांब चालत नाहीत, ६-७ मिमीचे पुरतात. नवे स्पाइक्स त्याच दिवशी घालू नका, दोन-तीन गुरुवार आधी वापरू द्या. पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये पळून झालं की एकदम आत घुसायचं नाही, समोरच्या सरळ भागात तिरकं तिरकं पहिल्या लेनकडे यायचं. पुढे दुसऱ्या लेनमधून पळाल्यास प्रत्येक वळणाला साडेतीन मीटर जास्त पडतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. म्हणून कोणाला गाठायचं तर सरळ भागात, वळणावर त्याच्या खांद्यामागे राहायचं.