डॅशकॅममधलं कार्ड आधी सांभाळा

प्रश्न : अंबाजोगाई–लातूर रस्त्यावर रात्री उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून माझा धाकटा भाऊ गेला. पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा मयत भावावरच दाखल केला. मागून येणाऱ्या कारच्या डॅशकॅममध्ये अपघात आलाय. कारवाल्या सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पाठवली, पण कोर्टाच्या चकरा नको म्हणतात. ही क्लिप चालेल का?

उत्तर : ताई, ट्रॉली बिनरिफ्लेक्टरची अंधारात उभी करायची आणि माणूस गेला की दोष त्याच्याच माथी मारायचा, याची मला मनापासून चीड आहे. तुमची बाजू लढण्यासारखी आहे. पण क्लिपवर विसंबू नका. खरा पुरावा कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डात आहे आणि तो पुसला जाऊ शकतो. कार्ड भरलं की डॅशकॅम जुन्या फायलींवरच नवं चित्रण करत जातो. धक्का बसला तर त्या वेळची फाइल बहुतेक कॅमेऱ्यांत लॉक होते, पण तो धक्का कॅमेरा असलेल्या गाडीला बसावा लागतो. सरांची गाडी कुठे आदळली नसेल, तर फाइल लॉक झालीच असेल असं धरू नका. आजच त्यांना कार्ड काढून जपून ठेवायला सांगा.

मग तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोहोच घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली तपास अधिकारी कार्ड मागवू शकतात; सर नाही म्हणाले तर कोर्टही मागवू शकतं. आरोपीच मयत म्हणून ‘अबेट समरी’ (प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) जाऊन फाइल बंद होण्याआधी हे व्हायला हवं. फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी येणं 7 वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांतच सक्तीचं आहे. निष्काळजीपणाने मृत्यूला शिक्षा 5 वर्षांपर्यंत. म्हणजे मागणी तुम्हालाच करावी लागेल : कार्ड पंचनामा करून सील व्हावं, हॅश व्हॅल्यू (फाइल नंतर बदलली का, हे ताडून पाहायचा तिचा अंकी ठसा) नोंदवावी, कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही लिहावं आणि कार्ड छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जावं.

तिथे तज्ज्ञ वेग काढू शकतात. सेकंदाला 30 फ्रेम असतील आणि मोटारसायकलने प्रत्यक्ष मोजलेलं 20 मीटर अंतर 36 फ्रेममध्ये कापलं, तर वेग ताशी 60 किलोमीटर. व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेल्या क्लिपमध्ये या हिशेबाचा भरवसा राहत नाही. दुसरं, रिफ्लेक्टर हेडलाइटच्या झोतात लखकन चमकतो. मागच्या गाडीचा उजेड पडूनही ट्रॉलीची पाठ काळीच दिसत असेल, तर ते तुमचं सर्वांत मोठं बळ. मात्र चित्रणात ट्रॉली दिसते म्हणजे भावालाही दिसली असणार, असं समोरचा वकील म्हणेल. कॅमेरा आणि डोळा अंधारात सारखं पाहत नाहीत, हे तज्ज्ञाच्या तोंडून यायला हवं.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा प्रसिद्ध निकाल आपल्या जालन्याच्याच निवडणुकीतून आला : अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, 2020. चित्रणाच्या प्रतीवर विसंबायचं तर ती कोणत्या उपकरणातून कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच कोर्टात आलं आणि त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नाही. कोणी देतच नसेल तर कोर्टाकडून आदेश मिळवता येतो. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) प्रमाणे या प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ सरांनी आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने सही करायचा. सरांना हे शांतपणे समजावा. ते आरोपी नाहीत, साक्षीदार आहेत.

चित्रणात भावाचा वेग जास्त दिसला तरी एक सेकंदही कापू नका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे भरपाईच्या कोर्टात, भावाच्या चुकीच्या वाट्यापुरतीच भरपाई कमी होते. कापलेली फीत उघडी पडली तर सगळंच संशयात येईल. कायद्यात या भरपाईच्या दाव्याला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत लिहिली आहे. फौजदारी तपासाची वाट न पाहता गुन्ह्याची प्रत, पंचनामा, पीएम रिपोर्ट आणि भावाच्या कमाईचे कागद घेऊन वकिलाला भेटा.