मायक्रोफायनान्समुळे गरिबी खरंच कमी होते का?

मायक्रोफायनान्स म्हणजे गरिबांना तारणाशिवाय मिळणारी छोटी कर्जं आणि बचतीची सोय. त्याने गरिबी काही प्रमाणात कमी होते, पण नुसत्या कर्जाने नाही. मोठा फायदा म्हणजे सावकाराच्या व्याजातून सुटका आणि अडीनडीला हाताशी पैसा. तारण ठेवायला जमीन नाही, दागिना नाही, अशा बाईला बँक दारात उभी करत नाही. गटाच्या जबाबदारीवर तिला कर्ज मिळतं आणि त्यातून दोन शेळ्या, शिलाई मशीन किंवा दुकानात माल येतो. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा आधी बचत आणि मग कर्ज असा क्रम ठेवला. माझ्या मते खरी ताकद या क्रमात आहे, मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या थेट कर्जात तेवढी नाही.

चमत्कार मात्र होत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अभ्यास केला. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांनी त्यात जास्त पैसे घातले. पण एकूण घरखर्च, मुलांचं शिक्षण, आरोग्य यांत ठळक सुधारणा दिसली नाही. शिवाय हप्ता आठवड्याला आणि शेतीचा पैसा हंगामाला, हे गणित जुळत नाही. मग एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज! २०१० मध्ये आंध्र प्रदेशात हे प्रकरण पार हाताबाहेर गेलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. सही करण्याआधी हा हिशेब स्वतः मांडा, एजंटावर सोडू नका.