पानगळीपासून बर्फापर्यंत स्टेट पार्क

प्रश्न : आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत माझे आई-बाबा आमच्याकडे राहणार आहेत. दोघेही सत्तरीच्या घरातले असून त्यांना चालण्याची सवय आहे. मात्र बाबांच्या गुडघ्यांना फार पायऱ्या सोसत नाहीत. मुलगा दहा वर्षांचा आहे. थंडीत स्टेट पार्कमध्ये करण्यासारखे काही असते का, की सारे बंदच असते?

उत्तर : बहुतेक स्टेट पार्क वर्षभर खुली असतात, बंद होतात त्या तिथल्या काही सोयी. नळ गोठून फुटू नयेत म्हणून अनेक ठिकाणी तंबूतळांचे पाणी आणि काही स्वच्छतागृहे हिवाळ्यापुरती बंद ठेवली जातात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या पार्कच्या ताज्या सूचना पाहून घ्याव्यात.

आपल्याला सर्वांत सोयीचे पार्क म्हणजे इलिनॉय नदीकाठचे स्टार्व्ह्ड रॉक. उत्तर इलिनॉयमध्ये पानांचे रंग साधारणपणे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भरात येतात. हरितद्रव्य ओसरले की पानात आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो; लाल रंग मात्र त्याच सुमारास नव्याने तयार होतो आणि स्वच्छ उन्हाचे दिवस व थंड रात्री लाभल्या तर तो अधिक खुलतो. शनिवार-रविवारी गाडी लावायलाही जागा मिळणे कठीण, म्हणून आई-बाबांना मधल्या वारी नेणे उत्तम. तेथील घळींकडे जाणाऱ्या वाटांवर लाकडी पायऱ्या पुष्कळ आहेत, त्यामुळे बाबांनी माहिती केंद्राजवळचा नदीकाठचा सपाट भागच धरावा. थंडी पडली म्हणजे गोचिडी गेल्या, असे मानू नये. पूर्ण वाढलेल्या गोचिडी याच दिवसांत चांगल्या सक्रिय असतात. घरी परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेशी नीट तपासावे.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासाने मागे जातात आणि डिसेंबरात शिकागो परिसरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून सकाळीच निघावे. काही पार्कांमध्ये ठरावीक काळात हरणांच्या शिकारीला परवानगी असते; त्या दिवसांत कोणत्या वाटा बंद आहेत ते विचारावे आणि भडक केशरी जाकीट घालावे.

मुलासाठी इंडियाना राज्यातील पोकॅगन स्टेट पार्कची टोबॉगनची (बर्फावरून घसरणाऱ्या सपाट तळाच्या गाडीची) घसरपट्टी सुचवावीशी वाटते. सुमारे पाव मैल लांबीची ही दुहेरी पट्टी यंत्राने गोठवली जाते, त्यामुळे बर्फ पडण्याची वाट पाहावी लागत नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास सुरू होऊन ती फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते. वेग बराच असतो, तेव्हा आजोबांनी खालच्या टोकाला उभे राहून नातवाचे फोटो काढावेत, हेच बरे!

मात्र या मुक्कामातला खरा ऐवज आहे जानेवारीत, तोही पुन्हा स्टार्व्ह्ड रॉकलाच. नदीचा वरचा भाग गोठला तरी धरणाखालचे खळाळते पाणी मोकळे राहते आणि तिथे मासे पकडण्यासाठी बाल्ड ईगल जातीचे गरुड जमतात. नदीपलीकडच्या माहिती केंद्रातून ते चांगले दिसतात. पांढरे डोके आणि पिवळी चोच ही प्रौढ पक्ष्याची खूण. साधारण पाच वर्षांचा होईपर्यंत हा पक्षी डोक्यासकट तपकिरीच असतो, त्यामुळे नवखे लोक जवळच्याच झाडावरचे तरुण गरुड ओळखू न आल्याने सोडून देतात. दुर्बीण न्यावी आणि थंडी कडाक्याची असेल तोच दिवस निवडावा, कारण हवा उबदार झाली आणि नदी मोकळी झाली की पक्षी पांगतात. याच काळात घळींमधले धबधबेही गोठतात. ते पाहायला आपण मुलाला घेऊन जावे. बुटांना काटेरी पट्टे लावावेत, आतून सुती कपड्यांऐवजी लोकरीचे घालावेत आणि लोंबत्या बर्फाखाली उभे राहू नये, कारण तो अचानक तुटून पडतो.

१ जानेवारीला ‘फर्स्ट डे हाइक’ ही मार्गदर्शकासह पायी फेरीही असते. १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्लू हिल्स येथे सुरू झालेली ही प्रथा २०१२ पासून पन्नासही राज्यांत पोहोचली आहे. फेऱ्यांची लांबी आणि चढ-उतार वेगवेगळे असतात, त्यामुळे आई-बाबांना झेपेल अशी एखादी फेरी सापडू शकेल.

राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास स्टेट पार्कमध्ये चालत नाही, कारण स्टेट पार्क त्या त्या राज्याच्या अखत्यारीत असतात. स्टार्व्ह्ड रॉकला प्रवेशशुल्क नाही. पोकॅगनला मात्र गाडीमागे शुल्क घेतले जाते आणि टोबॉगनचे भाडे त्याहून वेगळे असते.