क्युप्रस ब्रोमाइड हिरवं पडलंय, फेकायचं का?

प्रश्न असा आहे: एमएस्सी प्रोजेक्टसाठी कपाटातून काढलेली क्युप्रस ब्रोमाइडची बाटली हिरवी निघाली. ती सँडमायर रिॲक्शनला (ॲरोमॅटिक अमाइनच्या जागी ब्रोमीन बसवायला) चालेल का, आणि संपली तर क्युप्रिक ब्रोमाइड वापरता येईल का?

आधी लेबल नीट वाचा. क्युप्रस (CuBr) पांढरं असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. क्युप्रिक (CuBr₂) काळं, पाण्यात सहज विरघळणारं आणि हवेतली ओल शोषून चिकट होणारं. दोघांची कामं वेगळी. सँडमायरला क्युप्रसच लागतं, तिथे क्युप्रिक चालणार नाही.

हिरवटपणा म्हणजे क्युप्रसचा काही भाग हवा आणि ओलीमुळे क्युप्रिक झालाय. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये झाकण सैल राहिलं तर हे व्हायचंच. सँडमायरला थोडी हिरवी झाक चालते. एटीआरपी (तांब्याच्या मदतीने साखळीची वाढ ताब्यात ठेवणारं) पॉलिमरायझेशन करणार असाल तर मात्र शुद्ध केल्याशिवाय हात लावू नका, कारण तिथे क्युप्रस-क्युप्रिकच्या प्रमाणावरच सगळा वेग ठरतो.

शुद्धीकरण सोपं आहे. 10 ग्रॅमला साधारण 100 मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घेऊन फ्यूम हुडमध्ये, झाकून, रात्रभर स्टिररवर ठेवा. पूड पांढरी झाली की बुकनर फनेलवर (पंपाने खेचून) गाळा, आधी ॲब्सोल्यूट इथेनॉलने आणि मग कोरड्या ईथरने धुवा, आणि लगेच व्हॅक्यूममध्ये वाळवा. गाळणीवर पंप चालू ठेवून चहाला गेलात, तर दमट हवा त्यातूनच ओढली जाते आणि परत हिरवं. नंतर गडद बाटलीत, नायट्रोजनखाली, डेसिकेटरमध्ये.

सँडमायरपुरतं हवं असेल तर ताजंच करा. 25 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट) आणि 11 ग्रॅम सोडियम ब्रोमाइड गरम पाण्यात विरघळवा, त्यात 6.3 ग्रॅम सोडियम सल्फाइटचं द्रावण हळूहळू सोडा. पांढरा साका बसतो, हिशेबाने 14.3 ग्रॅम. सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे हेही हुडमध्येच. धुऊन ओलंच हायड्रोब्रोमिक ॲसिडमध्ये घ्या. डायझोटायझेशनलाही (अमाइनचा डायझोनियम क्षार करतानाही) हायड्रोक्लोरिक नको, नाहीतर क्लोरो प्रॉडक्ट सोबत येतं. डायझोनियम 0 ते 5 अंशांत ठेवा आणि कधीही कोरडं पडू देऊ नका, स्फोट होतो.

क्युप्रिकचं खरं काम कीटोनच्या अल्फा ब्रोमिनेशनचं. एक ब्रोमीन अणू बसवायला कीटोनच्या एका मोलला क्युप्रिकचे दोन मोल लागतात, म्हणजे 1.2 ग्रॅम ॲसिटोफेनोनला 4.47 ग्रॅम. इथाइल ॲसिटेट-क्लोरोफॉर्ममध्ये रिफ्लक्स करताना काळी पूड पांढरी होत जाते, रिॲक्शन कुठवर आली ते त्यावरूनच कळतं. हायड्रोजन ब्रोमाइड वायू सुटतो. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात पकडा, पण फनेल द्रावणात बुडवू नका, उलटं खेचलं जाईल. तयार होणारा फेनासिल ब्रोमाइड डोळ्यांतून धारा काढतो. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: क्युप्रिकची भांडी ॲसिटोनने विसळू नका. ॲसिटोन हाही कीटोनच, त्याचं ब्रोमोॲसिटोन होऊ शकतं, आणि ते पहिल्या महायुद्धात अश्रुवायू म्हणून वापरलं होतं. आधी पाण्याने धुवा.

क्युप्रस क्षारांचं अमोनियातलं द्रावण ॲसिटिलीनजवळ आणू नका. कॉपर ॲसिटिलाइडचा साका वाळला की साध्या धक्क्यानेही फुटतो.

तांब्याचं सगळं पाणी वेगळ्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवा. माशांना आणि शेवाळाला तांबं फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतं. सिंकमधलं पाणी शेवटी मुळा-मुठेतच जातं.