लॅबमधल्या ब्लॅक मैत्रिणींना साथ कशी द्यायची

अगं, अमेरिकेत सायकॉलॉजीत पीएचडीला चाललीयेस ना, मग आधी श्रेय नीट द्यायला शीक. काळ्या-गोऱ्या बाहुल्या दाखवून वर्णभेदाचा मुलांच्या मनावरचा परिणाम तपासणाऱ्या त्या प्रसिद्ध प्रयोगाचं नाव निघालं की सगळ्यांना केनेथ क्लार्क आठवतो, पण त्याचं मूळ त्याच्या बायकोच्या, म्हणजे ब्लॅक सायकॉलॉजिस्ट मेमी फिप्स क्लार्कच्या, हॉवर्ड युनिव्हर्सिटीतल्या मास्टर्सच्या थिसिसमध्ये आहे, आणि 1943 ला कोलंबियाची पीएचडी मिळवूनही तिला मनासारखी नोकरी मिळेना, शेवटी 1946 ला नवराबायकोने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी नॉर्थसाइड सेंटर काढलं. हे आजही वेगळ्या रूपात चालतं बघ. मीटिंगमध्ये तुझ्या ब्लॅक मैत्रिणीची आयडिया दुसराच कोणी आपल्या नावावर खपवायला लागला तर तिथल्या तिथे बोल, "हे आत्ता हिनेच मांडलं होतं." आणि डायव्हर्सिटी कमिटीची बिनपगारी कामं तिच्याच गळ्यात पडतात, त्यातली थोडी तू उचल, तिचा थिसिस रखडतो गं त्यात.